पिशवी धरणारे सर

हे गेल्याची बातमीसुद्धा मला ह्यांच्या विद्यार्थ्यांकडून कळली. निवृत्तीनंतरही माझे यजमान सुरतेतल्या कतारगामला, हिरे घासणाऱ्यांच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवायला जात. तिथेच फळ्यासमोर कोसळले. मुलांनी दवाखान्यात नेलं, हात धरून बसली, आणि मग कोणाला तरी आठवलं... सरांना बायकोही आहे! मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. शेवटचा शब्दही त्यांनाच मिळाला. दीड महिना होत आला, पण माझा जळफळाट काही जात नाही.

सासरे धुळ्याकडून सुरतेला मागावर कामाला आले. मागांच्या खडखडाटात अभ्यास करून हे प्राध्यापक झाले. घरदार सोडून आलेल्या कामगारांच्या मजुरीवर ह्यांनी लिहिलेलं पुस्तक लांबलांबच्या विद्यापीठांत वाचलं गेलं. त्याची मुद्रितं तपासली मी. अर्पण केलं 'माझ्या विद्यार्थ्यांना'. वर्गात म्हणे ह्यांच्या तोंडाचा पट्टा चालायचा. घरी मात्र हूं की चूं नाही. रविवारचा भाजीबाजार तेवढा आमचा दोघांचा. मी भाव करायची, हे पिशवी धरून मागे उभे. चेहरा कोरा. मला वाटायचं, ह्यांच्या डोक्यात सोमवारचा तास चाललाय.

तेच खरं निघालं. शोकसभेत त्यांची विद्यार्थिनी हेमलता बोलायला उठली. कामरेजला शिकवते ती. म्हणाली, "मागणी म्हणजे काय, ते आम्ही काकूंवरून शिकलो. सर सांगायचे, वालपापडी महाग म्हणून आमची ही तोंड फिरवून चालायला लागते, पण कान मागेच! आणि भाजीवाल्याला ते पक्कं ठाऊक असतं." सगळे खळखळून हसले. दर वर्षीच्या मुलांना हे पाठ होतं म्हणे. मला हसू आलं नाही. इतकं निरखून पाहत होतात, तर एकदा मला सांगायचं होतं... माझं कौतुकही परस्पर वाटून टाकलंत!

गेल्या रविवारी हेमलता भेटायला आली. मी बाजाराला निघाले तर तीही निघाली. पिशवी तिनं घेतली आणि नेमकी ह्यांच्यासारखी माझ्या मागे उभी राहिली. पापडीवाल्यानं भाव सांगितला. पोरगी डोळे लावून बघत होती. मी मुकाट्यानं मागितले तेवढे पैसे दिले.

"काय व्हयनं काकू?" हेमलता घरच्या अहिराणीवर आली. "आज भावताल नही?"

"नाही," म्हटलं आणि पिशवी तिच्या हातातून काढून घेतली. सर तुमचे होते, खुशाल ठेवा. ही मागची जागा माझ्या नवऱ्याची आहे.