सर, एक टाकून बघा

कंपनीत स्टोअरचं काम कॉम्प्युटरवर जाणार होतं. मला नुसती बटणं दाबायला बसायचं नव्हतं, प्रोग्रॅम लिहायला शिकायचं होतं. म्हणून एकोणचाळिसाव्या वर्षी उल्हासनगरच्या एका क्लासमध्ये 'सी' या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या बॅचला नाव घातलं.

तिथे प्रोग्रॅम पाठ करायची पद्धत होती. सर नोट्स देत, आम्ही त्या जर्नलमध्ये उतरवायच्या, ओळीला ओळ जुळली की बरोबर. मूळ संख्या ओळखायचा प्रोग्रॅम मी माझ्या डोक्याने लिहिला. सर संख्येला दोनपासून तिच्याआधीच्या प्रत्येक संख्येने भागून बघत. मी वर्गमुळापाशीच थांबले, त्यापुढे भागून नवं काही कळत नाही. जर्नलवर लाल फुली आली.

"काकू, डोकं नका चालवू. नोट्समध्ये आहे तस्सं लिहा."

"डोकं चालवायचं नाही, तर क्लासला आले कशाला?"

"मग टायपिंगच्या बॅचला जा. सोमवारपासून तिकडेच टाकतो तुम्हाला."

कंपनीतल्या कॉम्प्युटरवाल्या मुलीने मला एका साइटचा पत्ता लिहून दिला होता. तिथे प्रोग्रॅम पाठवायचा. साइट तो चालवून बघते आणि बरोबर की चूक एवढंच सांगते. वय विचारत नाही. मी अंबरनाथ पूर्वेच्या सायबर कॅफेत जाऊन माझा प्रोग्रॅम पाठवला. चूक. पुन्हा पाठवला. चूक.

"दीदी, रिझल्ट आया क्या?" सिंधी मालकाने विचारलं.

"नापास."

"तो फिर से दो. यहाँ कौन देखता है?"

कागदावर एकेक संख्या घालून बघितली. दोन, तीन, चार ठीक. मग एक घातला. माझा प्रोग्रॅम एकलाही मूळ संख्या म्हणत होता. एक अट वाढवून पुन्हा पाठवला. बरोबर! लगेच सरांचा नोट्समधला प्रोग्रॅम जसाच्या तसा पाठवला. चूक.

पुढच्या तासाला मी सगळ्यांसमोर म्हटलं, "सर, तुमच्या प्रोग्रॅममध्ये एक टाकून बघा."

त्यांनी टाकला. मशीनने एकला मूळ संख्या ठरवलं. मागची पोरं हसली.

"परीक्षेत एक विचारत नाहीत," सर म्हणाले.

"स्टोअरमध्ये एकच नग शिल्लक असतो कधीकधी."

सोमवारी टायपिंगच्या यादीत माझं नाव होतं. मी ते पेनने खोडलं, 'सी'च्या यादीत खाली लिहिलं आणि मशीनसमोर जाऊन बसले. सर आले. यादीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हजेरी घ्यायला लागले. माझं नाव सगळ्यात शेवटी आलं.

"हजर," मी म्हटलं.