वरणाचा हात

आमच्या सुलतानपुरात लग्नाच्या पहिल्या पंगतीला वरण मीच वाढायचो. कुस्करलेल्या बट्टीत केलेल्या आळ्यात उभ्याउभ्या ओगराळं रिकामं करायचं आणि बाहेर एक थेंब पडू द्यायचा नाही, एवढीच माझी आयुष्यातली कमाई. तिचा मला भारी माज होता.

गेल्या साली मोटरसायकल घसरली आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, बोटं आणि खांदा हलवत राहा. मी फक्त तोंड हलवलं. बायको घास भरवायची, शर्टाची बटणं लावायची. प्लास्टर निघाल्यावरही मी आणखी पंधरा दिवस हात गळ्यातल्या झोळीतच ठेवला. फुकटचं सुख कोण सोडतं?

मग पुतणीचं लग्न आलं. झोळी फेकली, डाव्या हातात बादली, उजव्यात ओगराळं. खांदा आधी निघाला, कोपर मागून आलं आणि मनगट कोणाच्या आमंत्रणाची वाट पाहत बसलं कोण जाणे. वरण आळं टाळून थेट नवरदेवाच्या वडिलांच्या पांढऱ्या पायजम्यावर. घाईनं दुसरं ओगराळं भरलं, तेही तिथंच.

"काऊन हो," ते म्हणाले, "जेवू घालून राह्यले का आंघोळ घालून राह्यले?"

थोरला भाऊ धावत आला. माझी बादली चुलतभावाच्या हातात देत मला म्हणाला, "तू बायांच्या पंगतीत वाढ. तिथं कोन पाह्यते?"

मला फक्त रडायचं बाकी होतं.

बायांची पंगत शेवटची. एरवी तोवर मी पान चघळत मांडवात स्वतःचं कौतुक ऐकत बसलेला असायचो. इतक्या वर्षांत इथं एक ओगराळंही वाढलं नव्हतं. बायको ओळीच्या टोकाला, पहाटेपासून बट्ट्या वळून थकलेली. दुसरी बादली घेऊन मी तिच्यापुढं वाकलो, हात पुन्हा भलतीकडे निघाला, आणि मी तसाच थांबलो.

"थांबले काऊन? टाका," ती म्हणाली. "तुमचा हात जाईल तिकडं पत्रावळ मी सरकवीन."

तिनं सरकवली. वरण बरोबर आळ्यात पडलं. सहा आठवडे हिनं मला भरवलं, पण तू जेवलीस का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "वरण गरम हाये ना?"

ओळीतल्या सगळ्या बाया हसायला लागल्या. शेवटच्या पंगतीला वरण कधी गरम आलं होतं?

मी बादली उचलली आणि चुलीकडे निघालो.