बिनचिठ्ठीचे डबे

चूक माझी होती, हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. नाहीतर पुढे सांगताना मी स्वतःला सावरून घेईन, अशी भीती वाटते.

सिंगापूरला निघालो त्या सकाळी टॅक्सी डोंबिवलीत आमच्या पिठाच्या गिरणीपुढे उभी होती. गिऱ्हाईकं रांगेत होती, म्हणून बाबांनी मशीन बंद केलं नाही. मी वाकून नमस्कार केला. त्या घरघरीत ते माझ्या कानाशी ओरडले, "पोचलास की कळव!" आणि पाठीवर हात ठेवला. काळ्या कोटावर पिठाचा पंजा उमटला. विमानतळ यायच्या आत मी तो ओल्या रुमालाने पुसून टाकला.

पुढे मी ब्रँड सल्लागार झालो, लोकांसमोर बोलायला लागलो. उद्याचं जग, उद्याचे ब्रँड, माणसामाणसांतलं कनेक्शन, हे माझे विषय. प्रत्येक भाषणात बाबा यायचेच. शेकडो डबे त्यांच्याकडे दळणाला यायचे, एकावरही नाव नसायचं. झाकणावरचा पोचा बघून ते घर ओळखायचे. कोणाला भाकरीचं पीठ जाड लागतं, कोणाची भाजणी किती रवाळ, काही विचारावं लागायचं नाही. "कुठल्या कंपनीला जमेल हे?" असं विचारून मी थांबायचो. कोटावरचा तो पंजा अजून जपून ठेवलाय, असंही सांगायचो. लोक डोळे पुसायचे. प्रत्यक्षात बाबांना माझा फोन पंधरा दिवसांतून एकदा, दोन मीटिंगांच्या मधे.

गिरणी आता सुमनताई, माझी मोठी बहीण, बघते. मागच्या वर्षी ती फोनवर म्हणाली, "बाबांचे डबे चुकतात रे हल्ली. परवा एकाची ज्वारी दुसऱ्याला दिली."

"अगं, वय झालं त्यांचं."

"वय नाही. तू एकदा येऊन बघ."

आलो, पण ठाण्यात माझं व्याख्यान ठरलं म्हणून. नौपाड्यातल्या हॉलमधे शेवटी बाबांनाच स्टेजवर बोलवायचं, समोर पाच डबे ठेवायचे आणि त्यांनी ते ओळखायचे, ही कल्पना माझीच. ताईने नेहमीच्या पाच घरांतून डबे आणले. प्रत्येकाच्या कडीला दोऱ्याने नावाची चिठ्ठी बांधलेली.

"या कशाला?"

"त्यांना बरं पडतं. राहू दे ना रे."

फोटोत वाईट दिसतील म्हणून मी त्या सोडल्या आणि खिशात टाकल्या. तिने सांगितलेलं सगळं कानावर पडलं होतं, तरी सोडल्या.

भाषण रंगलं. एकाने विचारलं, "उद्या मशीनच सगळ्यांचं सगळं लक्षात ठेवणार, मग माणूस कशाला?" मी अशाच प्रश्नाची वाट बघत होतो. "त्याचं उत्तर इथे बसलंय," म्हणत मी बाबांना हात धरून वर आणलं.

त्यांनी पहिला डबा उचलला, फिरवून बघितला, झाकणावरून अंगठा फिरवला. बराच वेळ गेला. मग म्हणाले, "हा जोशी वहिनींचा."

तिसऱ्या रांगेतून जोशी काकू, गिरणीच्या जुन्या गिऱ्हाईक, लगेच ओरडल्या, "हो हो, माझाच! बरोबर ओळखलात!"

डबा त्यांचा नव्हता. त्यावरची चिठ्ठी मी वाचूनच सोडली होती, म्हणून मला माहीत होतं. काकूंनाही माहीत होतं. आणि मी माइकमधे हसत म्हणालो, "काकू, चिटिंग नको हं! बाबा, नीट आठवा बरं."

हॉल हसला. बाबांनी डबा खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग समोरच्या गर्दीकडे बघून हात जोडले. "आज मशीन बंद आहे. उद्या या."

लोकांना तो विनोद वाटला. टाळ्या पडल्या. मीही टाळ्या वाजवल्या, आभार मानले आणि तीन दिवसांनी परत गेलो.

त्यानंतर बाबांनी एकाही डब्याला हात लावला नाही. गिरणीबाहेर स्टुलावर बसून राहायचे. ताईने हे सांगितल्यावरही मला यायला चार महिने लागले. कामं होती, असं म्हणता येईल. खरं तर तोंड नव्हतं.

माझ्यासारखे बाहेर गेलेले खूप आहेत, म्हणून हे लिहितोय. घराबद्दल आपण फार छान बोलतो, कारण तिथे राहावं लागत नाही. मी वीस वर्षं लोकांना माणुसकी समजावत होतो, आणि ती भर सभेत बोलली तेव्हा तिला खोटं पाडलं. आता घर म्हटलं की मला जोशी काकूंची ती तिसरी रांग आठवते, आणि मी तिथे बसलेला नसतो.

गेल्या महिन्यात गेलो. मुद्दाम सकाळी दहाला, रांग असते तेव्हा. जोशी काकूही होत्या. ताईला म्हटलं, "दोन मिनिटं मशीन बंद कर." तिने बटण दाबलं. पट्टा हळूहळू थांबला. रांगेतलं कोणीतरी कुरकुरलं.

बाबांनी दचकून वर बघितलं. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि मागच्यांनाही ऐकू जाईल असं म्हणालो, "बाबा, त्या दिवशी डब्यांवरच्या चिठ्ठ्या मी काढल्या होत्या. तुमचं काही चुकलं नाही. माझं चुकलं, सगळ्यांसमोर चुकलं, म्हणून सगळ्यांसमोर सांगतोय. मला माफ करा."