यार्डात हात हलवायचा नाही

मी घोडेगाव सोडलं त्या दिवशी मला निरोप द्यायला हजारभर माणसं आणि त्यांच्या दुप्पट बैल जमले होते. तो जनावरांच्या बाजाराचा दिवस होता आणि ती गर्दी माझ्यासाठी नव्हती, हे माझी अम्मा तुम्हाला लगेच सांगेल. पण गर्दी होती आणि मी तिच्यातून निघालो, एवढं तर खरं आहे.

महायुद्ध संपून वर्ष होत आलं होतं. नगरच्या छावणीतले जुने खाकी कोट बाजारात विकायला आले होते, त्यातला एक मी अंगावर चढवला होता. पितळी बटणांचा. त्यात माझ्यासारखे दोघे सहज मावले असते आणि वर एखादी शेळी. रेल्वेत कामाला निघालेल्या माणसानं रेल्वेवाल्यासारखं दिसावं, असा माझा हिशेब.

अब्बा जनावरांचे दलाल. एका बैलाचे दात बघत होते, मान वर न करताच म्हणाले, "निघाला का आगगाडीची वझी वाह्यला?"

"व्हय अब्बा."

"आपल्या घरात जनावरं चालवत नेत्यात. डोईवर वझं घेऊन आजवर कुनी चाललं न्हाई. दोन महिन्यांत माघारी येशील, बघ."

अम्मानं भाकरी बांधून दिली आणि एकच सांगितलं, "पत्रात जेवढं घडंल तेवढंच लिवायला सांग रं."

मनमाडची गाडी धरायची म्हणून मी मालाच्या बैलगाडीत गोण्यांवर बसलो आणि नगर स्टेशन येईपर्यंत एकच गोष्ट ठरवत राहिलो. परत येईन तो रजेवर येईन. हरून येणार नाही.

घोडेगावच्या मंडळींनो, आणि माझ्यासारखे जे कापडाच्या गिरण्यांत, साखर कारखान्यांत जाऊन पडलेत त्या सगळ्यांनो, मनमाड कसलं गाव आहे ते आधी ऐका. आपल्या बाजूचा रूळ रुंद. तिथून निजामाच्या मुलखात जाणारा रूळ अरुंद. रुंदावरचा डबा अरुंदावर चढत नाही, कुणाच्या बापाचं ऐकत नाही. म्हणून मधे एक लांबलचक फलाट, अलीकडे हा डबा, पलीकडे तो डबा, आणि मधे आम्ही हमाल. कोकणातलं मीठ, बेलापूरची साखर, लोखंडी पत्रे, रॉकेल, सगळं आमच्या पाठीवरून तिकडे. तिकडून सरकी, कापूस, ज्वारी आमच्याच पाठीवरून इकडे. देशाच्या नकाशावर एवढा मोठा लोहमार्ग काढलाय, त्यात माझ्या पाठीएवढी जागा कोरी आहे. ती मी भरून काढली. पहिल्या आठवड्यात मी इतकं मीठ वाहिलं की माझी सावलीसुद्धा खारट झाली.

यार्डात राज्य चालायचं ते धोंडिबा जमादाराचं. डबे कुठं ढकलायचे, कुठं जोडायचे, हे तो इंजिनाच्या ड्रायव्हरला सांगे, आणि सांगे ते हातांनी. त्या गोंगाटात शब्द कुणाला ऐकू येणार? हात वरखाली झाला की इंजिन लांब जायचं. हात अंगासमोरून आडवा हलला की इंजिन हात करणाऱ्याकडे यायचं. दोन्ही हात डोक्यावर ताठ, की जागच्या जागी थांबायचं. पहिल्याच दिवशी त्यानं मला बजावलं होतं, "घोडेगावकर, तोंड किती बी वाजव. यार्डात हात हलवायचा न्हाई."

आता तुम्हीच सांगा. आपल्याकडे हात न हलवता कुणी बैलाच्या शिंगांचं वर्णन केलंय?

पावसाळा संपता संपता एका सकाळी जनावरांचा डबा आला. घोडेगावच्या बाजारातले आठ बैल, पार औरंगाबादेच्या पुढं जाणारे. रुंद डब्यातून फळीवरून फलाटावर आणि फलाटावरून पलीकडच्या अरुंद डब्यात न्यायचे. डब्याच्या दारात पहिल्या बैलाचा कासरा धरून कोण उभं? अब्बा! व्यापाऱ्यानं त्यांना बैलांसोबत धाडलं होतं. दोन महिने उलटून गेलेले, आणि मी तिथं पाय रोवून उभा. मला इतका आनंद झाला की मी फलाटाच्या टोकावरून हात आडवा हलवला. एकदा नाही, पाच-सहा वेळा. अंगावर तोच कोट, बटणं उन्हात चमकत होती.

बैलांच्या डब्याच्याच रुळावर मागं इंजिन उभं होतं, पुढं सहा डबे घेऊन, जमादाराच्या हाताची वाट बघत. ड्रायव्हरला जमादारासारखी खाकी दिसली, हात दिसला. इंजिन निघालं.

मी ओरडलो, "नको! नको!" आणि नको म्हणताना माणूस काय करतो? हात आडवा हलवतो. मी जितका जोरात नको म्हणत होतो तितकं इंजिन वेगानं येत होतं. तेवढ्यात माझ्या मागून धोंडिबा जमादार पळत आला, दोन्ही हात डोक्यावर. इंजिन थांबलं, पण बैलांच्या डब्याला धक्का बसलाच. बैलानं अब्बांना कासऱ्यासकट ओढत फलाटावर उडी घेतली, फळी निसटली आणि अब्बांच्या उजव्या पायावर पडली.

इथं मी काही वाढवून सांगत नाही. पायाची दोन बोटं गेली.

जमादारानं माझा कोट उतरवून घेतला. "उद्यापासून फाटकाच्या आत दिसू नको," म्हणाला. त्याचं बरोबर होतं.

दवाखान्यात अब्बांनी पहिल्यांदा विचारलं, "बैल चढलं का?"

"आठ बी चढलं," मी म्हणालो.

मग खाली बघत म्हणालो, "अब्बा, चला, तुमाला घेऊन घरी येतो. माझं हितलं संपलं."

"माझ्या पायाचं निमित्त करतोस व्हय रं?" ते उठून बसले. "दोन महिन्यांत येशील म्हनलो हुतो. आला न्हाईस. आता दोन बोटं देऊन तुला हितं ठिवलाय. शिकल्याबिगर आलास तर ती फुकट गेली. घर मला ठावं हाय, जाईन मी माझा."

दुसऱ्या दिवसापासून मी एका गुळाच्या वखारीत ओझी वाहू लागलो आणि काम सुटलं की यार्डाच्या कुंपणाबाहेर जाऊन उभा राहू लागलो. हात पाठीमागे, बोटांत बोटं अडकवून. जमादाराचा हात हलला की इंजिन कुठं जाणार ते मनात आधी म्हणायचो, मग बघायचो. पहिले कित्येक दिवस निम्मं चुकलं. मग चुकणं कमी झालं, मग थांबलं. थंडी गेली, उन्हाळा आला. रोज मी उभा.

एका सकाळी जमादारानं कुंपणाकडे तोंड केलं आणि मला हातानं एक खूण केली. डबे जोडायचे, सावकाश. मी कुंपणाची तार धरून तिचा अर्थ तोंडानं सांगितला, हात हलवला नाही.

"आत ये," तो म्हणाला.

नंतर देश आपला झाला. नंतर निजामाचा मुलूखही आपल्यात आला. रूळ अजून रुंद ते रुंद आणि अरुंद ते अरुंदच आहेत, पण डबे इतके वाढलेत की एक गाडी सोडेतो दुसरी शिट्टी मारते. धोंडिबा जमादार निवृत्त झाला. त्याच्या जागी आता मी उभा राहतो. माझ्या हातावर मीठ तिकडे जातं आणि ज्वारी इकडे येते. बोटभर हात जास्त हलवत नाही.

गेल्या महिन्यात रजेवर आलो होतो. आमच्या दारच्या लिंबाखाली मंडळी जमली, म्हणाली, सांग मनमाडचं. मी सांगायला लागलो, दोन्ही हात मांडीखाली दाबून. अब्बा लंगडत बाजेवर येऊन बसले. थोडं ऐकून म्हणाले, "असं मुक्यावानी काय सांगतोस? हितं कुठं इंजिन हाय?"

मी तरी मागं वळून बघितलंच. एक शेळी होती. मग हात सोडले. त्या दिवशीचा बैल दाखवला तो त्या लिंबापासून मशिदीपर्यंत, शिंगं आभाळात. इंजिन दाखवलं तर पोरं पळाली. इतके हात हलवले, इतके हलवले, आणि कुठंही काही हललं नाही, कुणाला काही लागलं नाही.

"एवढा मोठा न्हवता रं बैल," चुलीपासून अम्मा म्हणाली.

"ऱ्हाऊ दे गं," अब्बा म्हणाले. "घरीच हाय पोरगा."