पलीकडची खोली

आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर बायकोचं विंडोज आणि माझं लिनक्स, अशा दोन वेगळ्या प्रणाली एकाच डिस्कच्या दोन भागांत सुखाने नांदतात. माझ्या बाजूने तिच्या सगळ्या फायली दिसतात. तिच्या बाजूने मात्र माझं काहीच दिसत नाही. काल दुपारी चुकून तिच्याकडून माझ्या भागावर क्लिक झालं आणि विंडोजने अगदी अदबीने विचारलं, ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करू का?

मी मागेच उभा होतो. फॉरमॅट म्हणजे तिथलं सगळं पुसलं जाणार. गॅलरीत बसून टिपलेले पक्ष्यांचे आवाज तिथे आहेत. दयाळाची शीळ, भारद्वाजाचं घुमणं, कितीतरी वर्षांच्या पहाटा. आणि समोरच्या स्क्रीनला तिथे कुणी राहतं याची गंधवार्ताही नव्हती! केवळ आपल्याला वाचता येत नाहीत म्हणून अशी किती भरली घरं आपण रिकामी समजलो असू? मी थक्क होऊन त्या कोऱ्या चौकटीकडे बघत राहिलो.

"तुझे पक्षी इथेच असतात ना रे?" बायकोने विचारलं.

तिलाही तिथे काहीच दिसत नव्हतं. पण माझं "हो" येण्याआधीच तिने कॅन्सल दाबलं होतं.