इब्र्यात ऐकलेला निकाल

मस्कतला विमान उतरायला लागलं तेव्हा खिडकीतून खाली पाहिलं, तर हिरवं म्हणून काही दिसेना. नुसते उघडेबोडके तपकिरी डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशी पांढरी घरं. मी रत्नागिरीची, डोंगर म्हटला की त्यावर काहीतरी उगवलेलं असणारच, असा माझा समज. शेजारच्या बाईंना म्हटलं, "इथे झाडं लावायची राहूनच गेली की काय?" त्या गुहागरच्या निघाल्या, लेकाकडे चाललेल्या. म्हणाल्या, "आठ दिवसांत सवय होते हो. मग परत गेल्यावर आपलेच डोंगर केसाळ वाटायला लागतात."

माझे धाकटे दीर, सुधीरभावोजी, वीसेक वर्षं मस्कतला आहेत. कुरुमला त्यांचं ऑफिस. दरवर्षी "वहिनी, या" म्हणायचे आणि दरवर्षी मी "बघू" म्हणायचे. या वेळी मात्र त्यांनी फोनवर वेगळंच सांगितलं. "तुमच्या त्या इंग्लंडच्या टीममधला एक रायडर इथे मस्कतपासून दोन तासांवर, इब्रा गावात असतो. रॉब म्हणून. टुरिस्ट लोकांना वाळूत मोटरसायकल शिकवतो. भेटायचंय का?" मी त्याच दिवशी पासपोर्ट शोधायला घेतला.

'तुमची टीम' म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. २०१२ साली आमचा मुलगा अमित नोकरीनिमित्त इंग्लंडमधल्या एका लहानशा गावात होता आणि आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो. त्या गावात पाहण्यासारखं एक चर्च, एक कालवा आणि एक स्पीडवेचं मैदान. स्पीडवे म्हणजे मोटरसायकलींची शर्यत. मातीचा लांबट गोल रस्ता, चार स्वार, चार फेऱ्या. पहिल्याला तीन गुण, मग दोन, मग एक, आणि शेवटच्याला भोपळा. गाड्यांना गिअर एकच आणि ब्रेक अजिबात नाही. वळणावर मागचं चाक आडवं घसरवत, माती उडवत जायचं. आमच्या यांनी उभा जन्म एसटीच्या डेपोत ब्रेक तपासण्यात घालवलेला. पहिल्या दिवशी ते डोळे फाडून बघत राहिले आणि घरी येताना एवढंच म्हणाले, "ब्रेक नाही गं. चक्क ब्रेक नाही."

त्या दिवसापासून माणूस कामातून गेला. देशातल्या सगळ्यात वरच्या साखळीत आमच्या गावाचा संघ होता आणि मोसम मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत चालायचा. दर आठवड्याला आम्ही तिसऱ्या वळणावर हजर. एप्रिलातल्या थंडीत यांच्या डोक्यावर चॉकलेटी माकडटोपी, माझ्या पिशवीत थालीपिठं आणि थर्मासात चहा. वळणावर उडालेली माती थालीपिठावर पडायची, ती झटकून आम्ही खायचो. पावसामुळे शर्यती रद्द झाल्या की हे घरी येऊन अमितवर चिडायचे, जणू पाऊस त्यानेच पाडला. आणि तो वास! त्या इंजिनांत एरंडेलाचं तेल घालतात. लहानपणी आई नाक दाबून जे पाजायची, ते तिथे जळून सगळ्या मैदानभर दरवळायचं, आणि आमचे हे छाती भरून श्वास घ्यायचे.

आमचा व्हिसा सहा महिन्यांचा. सप्टेंबरअखेरीला परत निघणं भाग होतं, आणि आमचा संघ अंतिम सामन्यात पोचला तो आम्ही निघाल्यावर! अंतिम सामना ऑक्टोबरात. यांनी विमानतळावरच अमितला तंबी दिली होती, "तिथवर गेलेच, तर टीव्हीवरून रेकॉर्ड कर, डीव्हीडी दिवाळीला घेऊन ये. तोवर निकाल कुणी सांगायचा नाही. मी आणि तुझी आई बरोबर बसून बघणार." रत्नागिरीत हा निकाल चुकून कानावर पडायची भीतीच नव्हती. दिवाळीला आठ-दहा दिवस राहिले असताना हे झोपेतच गेले.

अमित आला तो डीव्हीडी घेऊन नव्हे, तर वडिलांच्या दिवसांना. पुढे केव्हातरी त्याने ती आणून दिली, पण मी लावली नाही. निकाल विचारलाही नाही. मला वाटायचं, शेवटचा सामना बघायचा राहिलाय तोवर तो मोसम चालूच आहे. आणि मोसम चालू आहे तोवर आम्ही दोघं तिसऱ्या वळणावर उभे आहोत. वेडेपणा आहे, मला कळतं. पण सहा वर्षं मी तो जपला.

आता रॉबला भेटायचं म्हणजे पंचाईत. त्याला निकाल माहीत असणारच. भावोजींनी त्याला आधी फोन करून बजावलं होतं, "वहिनींसमोर फायनलचं नाव काढू नकोस."

बुधवारी निघालो, कारण इब्र्याला बुधवारी फक्त बायकांचा बाजार भरतो आणि तो मला दाखवायचाच, असा माझ्या पुतणीचा, ईशाचा हट्ट होता. तिला शाळेची सुट्टी होती. वाटेत भावोजींनी हमरियाच्या एका बोळात गाडी थांबवली. तिथे एका देवगडच्या माणसाच्या दुकानात कोकमं, कुळथाचं पीठ, फणसपोळी, सगळं मिळतं. "काय वैनी, खंय?" त्याने विचारलं. इब्र्याला म्हटल्यावर त्याने बाटलीभर सोलकढी हातात ठेवली. "वाटेत पाण्याबिगर काय गावाचा नाय." ती बाटली नीट बंद नव्हती. डोंगरातून गाडी वळायला लागली तशी माझी नवी ऑफव्हाइट साडी गुलाबी होत गेली.

"यल्ला, चला वहिनी, आता साडीकडे नका बघू, बाहेर बघा!" भावोजी म्हणाले. बाहेर खरंच बघण्यासारखं होतं. डोंगरांच्या बेचक्यात मधूनच खजुराची बाग आणि तिच्यातून वाहणारा फलज (डोंगरातलं पाणी गावापर्यंत आणणारा पाट). आपल्या बागांमधल्या पाटाची आठवण झाली.

तेवढ्यात मागच्या सीटवरून ईशा म्हणाली, "काकू, मी ना, गुगल केलं. मला माहीत आहे कोण विन झालं. सांगू का?"

"खबरदार!" मी एवढ्या जोरात ओरडले की भावोजींनी गाडीचा वेगच कमी केला.

"ओके, ओके! पण काकू, नॉट नोइंग... म्हणजे, माहीत नसणं, बोअर नाही होत?"

मी सोलकढीच्या बाटलीचं झाकण आवळत बसले. पण पुढचा तासभर आरशातून मी त्या पोरीचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होते, हे कबूल केलं पाहिजे.

बाजारात भावोजींना मज्जाव. ते बिचारे गाडीत बसले आणि आम्ही दोघी आत शिरलो. कापड, अत्तर, लुबान (आपल्या धुपासारखा सुगंधी डिंक), चांदीच्या बांगड्या, आणि विकणाऱ्या, घेणाऱ्या सगळ्या बायका. एका आजीबाईंनी माझ्या गुलाबी डागाकडे बोट दाखवून खूप हसून घेतलं आणि मग जवळ बसवून कहवा (वेलदोडा घातलेली कडू कॉफी) पाजला, बरोबर खजूर. मुलं किती, हे तिने बोटांनी विचारलं. मी एक बोट दाखवलं. मग तिने स्वतःच्या बोटावर अंगठी फिरवल्यासारखं काहीतरी करून नवऱ्याचं विचारलं असावं. मी आकाशाकडे हात केला. तिने माझा हात धरून ठेवला आणि आणखी एक खजूर दिला.

रॉबची जागा गावाबाहेर सपाट माळावर होती. पत्र्याची शेड, टँकर, आणि जमिनीवर आखलेला तोच तो लांबट गोल. तीसेक वर्षांचा, उन्हाने लाल झालेला माणूस लंगडत पुढे आला. २०१२ मध्ये हा आमच्या संघातला अगदी शेवटचा, राखीव स्वार. बहुतेक वेळा भोपळाच आणायचा, आणि आमचे हे त्याच्याचसाठी घसा फोडायचे. "जो पडतो त्यालाच ओरडावं लागतं," असं त्यांचं म्हणणं.

त्याने मला न्याहाळलं आणि इंग्रजीत जे म्हणाला ते असं, "तिसरं वळण! तपकिरी टोपीवाल्या गृहस्थांबरोबर तुम्हीच असायचात ना? ते एकदा आमच्या गाड्यांपाशी येऊन विचारत होते, ब्रेक का नाही लावत."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. कुणाच्या तरी डोक्यात ती माकडटोपी अजून होती.

"थांबा, तुम्हाला आवाज ऐकवतो," म्हणून त्याने गाडी काढली. इंजिन सुरू झालं आणि वास आला. एरंडेल! मी वळणाशी, अगदी कठड्याजवळ जाऊन उभी राहिले. भावोजी "वहिनी, मागे या" म्हणताहेत तोवर तो समोरून आडवा घसरत गेला आणि इब्र्याची माती माझ्या तोंडात, केसांत, गुलाबी साडीवर. मी तशीच छाती भरून श्वास घेतला.

चार फेऱ्या मारून तो थांबला. हेल्मेट काढत म्हणाला, "ते नाही आले? त्यांनी शेवट बघितला ना पण?"

भावोजींनी त्याला निकालाचं बजावलं होतं, पण हे गेल्याचं सांगायचं राहून गेलं होतं. मी सांगितलं. बघितला नाही, त्याआधीच गेले. त्याचा चेहरा उतरला. तो हातातल्या हेल्मेटवरची माती बोटाने काढत राहिला. मला एकदम वाटलं, या माणसाच्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा दिवस असेल, आणि माझ्यामुळे त्याला तो तोंडात धरून बसावं लागतंय. आणि मी तरी कुठल्या वळणावर उभी आहे? माळावर, एकटी, तोंडात माती घेऊन.

"सांगा," मी म्हटलं. "काय झालं?"

त्याने आधी भावोजींकडे पाहिलं. मग म्हणाला, "जिंकलो. आपल्याच मैदानावर. मी तिन्ही शर्यतींत शेवटचा आलो, पण जिंकलो."

ईशाने टाळ्या वाजवल्या. भावोजींनीही वाजवल्या. मी मागे वळले, आणि मागे कुणीच नव्हतं. बातमी ज्यांना सांगायची ते नव्हते. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. मला ते नीटसं कळलं इब्र्यात.

चार दिवसांनी रत्नागिरीला परतले. डोंगर खरंच केसाळ वाटले. संध्याकाळी अमितचा फोन आला. तो काही विचारायच्या आत मी म्हटलं, "जिंकलो ना रे आपण."

 तो पलीकडे रडायलाच लागला. म्हणाला, "आई, किती वर्षं मला त्या रात्रीबद्दल बोलायचंय." आणि बोलत सुटला. शेवटची शर्यत, लोकांनी मारलेल्या उड्या, गाणी. मग म्हणाला, "मला राहवलं नाही गं. मी मैदानातूनच घरी फोन लावला होता. तुमच्याकडे मध्यरात्र उलटली होती. बाबांनी पहिल्याच रिंगला उचलला आणि म्हणाले, 'निकाल सांगू नकोस हां!' मी नाही सांगितला. नुसता फोन धरून उभा राहिलो. पण माझ्या मागे सगळं मैदान ओरडत होतं, आई. त्यांना कळलं असेल का?"

"मला माहीत नाही," असं मी म्हणाले आणि फोन ठेवला. मग चहा करताना आठवलं. त्या ऑक्टोबरात एके सकाळी हे आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडले होते आणि डेपोतल्या जुन्या मंडळींना पेढे वाटून आले होते. मी विचारलं, कशाचे? म्हणाले, "असेच. सहज." खोक्यात माझ्यासाठी दोन ठेवले होते. मी ते दोन्ही खाल्ले, आणि कशाचे म्हणून पुन्हा विचारलंही नाही.