जादूगाराच्या गळ्यातली डबी

देवगाव फाट्यावर रुद्रेशचं झेरॉक्स आणि रिचार्जचं दुकान आहे. मागच्या खोलीत एक म्हातारा कॉम्प्युटर धापा टाकत चालतो, त्याला हात लावायची घरच्यांचीही टाप नाही. त्यात एक दुष्ट जादूगार वीसएक वर्षं जिवंत आहे, कारण रुद्रेशनं त्याला मारायला साफ नकार दिला.

कॉलेज सोडून त्यानं इथं गेमचा कॅफे काढला, तेव्हा वडील बसवंतराव करवादले होते, "लोकं भुसारचं दुकान टाकतेत, आमचं येडं पोरखेळ मांडायलंय." गिऱ्हाइकं गाड्या पळवायची, गोळ्या झाडायची. रुद्रेश आणि त्याचा जिवलग मित्र भागवत मात्र तलवारी-मंतरांच्या एका लांबलचक गेमात अडकले. इंग्रजी दोघांचंही यथातथाच. कळायचं नाही ते मनानं भरून काढायचे, आणि खरी मजा तीच होती.

शेवटच्या किल्ल्यात मुखवटा घातलेला जादूगार समोर आला. भागवत वार करणार, तोच रुद्रेशनं कीबोर्ड ओढून घेतला.

"थांब! त्याच्या गळ्यात बघ. डबी हाय!"

रुद्रेशचं घर लिंगायत. इष्टलिंगाची चांदीची डबी लहानपणापासून त्याच्या गळ्यात. सकाळी अंघोळ झाली की लिंग तळहातावर घेऊन पूजा, मगच चहा. हा जादूगारही मंत्र टाकण्याआधी डबीला हात लावायचा. झालं, रुद्रेशचं ठरलं: हा दुष्ट असूच शकत नाही. हा नायकाचा गुरू, वेष पालटून शिष्याची परीक्षा बघतोय.

"आरं, गेम बनवणारे सातासमुद्रापल्याडचे," भागवत म्हणाला. "त्यायला काय ठाव तुमची डबी?"

"मंग तिच्यात तंबाखू ठिवलाय व्हय?"

पुढं घरोघरी मोबाइल आले आणि कॅफे बसला. भागवत शेतीला लागला. पण सेलूच्या बाजाराला जाताना तो फाट्यावर उतरायचाच. चहा यायचा आणि गुरू की वैरी हा वाद जुंपायचा. रुद्रेशची बायको वैजयंती वैतागून म्हणायची, "मोबाइलवर बघा की एकदाचं! मिनिटात कळंल." रुद्रेश ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. कळल्यावर भागवत कशाला उतरेल इथं? ही भीती त्यानं तिलाही कधी सांगितली नाही.

परवाच्या बाजाराला भागवत जरा जास्तच तापला. "गुरू, गुरू काय लावलंस! गुरू असता तर मरताना हसला असता व्हय तसा?"

बोलला आणि त्यानं जीभ चावली. कपात बघत बसला.

रुद्रेश त्याच्याकडं पाहतच राहिला. म्हणजे यानं जादूगाराला कधीच मारलं होतं. परभणीतल्या एखाद्या कॅफेत, बहुतेक ऐन तरुणपणीच. मुखवट्यामागचं तोंड याला ठाऊक होतं. तरी इतकी वर्षं हा बाजाराची पिशवी घेऊन उतरत होता आणि काहीच माहीत नसल्यासारखा भांडत होता. विचारलं असतं तर भागवतनं सगळं सांगून टाकलं असतं.

"मरताना म्हणं! काहीबी बोलायलास," रुद्रेश म्हणाला. "मी मारू दिलाय का त्याला? ते ऱ्हाऊ दे. डबीत काय असंल, ते सांग."

भागवतनं मान वर केली. मित्राच्या डोळ्यांत पाणी होतं, ते त्याला दिसलं.

"तंबाखू," तो म्हणाला. "अजून एक चहा सांग."